सासूबाईंचा फ्लू आणि 30 मिलिग्रॅमची कॅप्सूल

ओसेल्टामिविर हे फ्लूवरच्या औषधाचं नाव कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून अजून सगळे टॅमिफ्लूच म्हणतात. केमिस्टकडे हातात पडतं ते बहुधा फ्लूवीर नाहीतर अँटिफ्लू. आतलं औषध एकच. यंदाच्या पावसाळ्यात फ्लूनं आमचं घर धरलं. आजारी तिघं पडले, पण डॉक्टरांनी हे औषध लिहून दिलं फक्त सासूबाईंना. बाकीच्यांनी मागूनही मिळालं नाही, आणि ते बरोबरच होतं असं माझं मत झालंय. मी सदाशिव पेठेत पोळी-भाजी केंद्र चालवते. औषधशास्त्राशी माझा संबंध घरच्या दुखण्या-खुपण्यापुरताच, तेव्हा हा रिव्ह्यू गिऱ्हाइकाचा समजा.

फ्लू पहिल्यांदा आणला चिरंजीवांनी, कॉलेजातून. सणकून ताप, अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला. एरवी तो ठणठणीत असतो, दमा-बिमा काही नाही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि घरी बसणं एवढंच सांगितलं. आयबुप्रोफेन मात्र देऊ नका म्हणाले, कारण पेठेत डेंग्यूही चालू होता आणि तो नाही हे ठरेपर्यंत ती गोळी नको. मग हे आजारी पडले. आमचे हे म्हणजे अंगावर दुखणं काढणारे. दवाखान्यात गेले तेव्हा चौथा दिवस उजाडला होता, ताप उतरणीला लागलेला. त्यांनी टॅमिफ्लूची मागणी केली, तर डॉक्टरांनी विचारलं, "आता ते काय करणार?"

खरंच आहे. विषाणू पेशीत शिरून आपली पिल्लावळ तयार करतो आणि ती बाहेर पडताना न्यूरामिनिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) वापरतो. औषध ते विकर अडवतं. नवे विषाणू जुन्या पेशीला चिकटून राहतात, पुढं पसरत नाहीत. म्हणजे विषाणू पसरायच्या आत घेतलं तर अर्थ, त्यामुळे लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू करायचं. उशीर झाला तरी दवाखान्यात दाखल केलेल्या किंवा गंभीर पेशंटला देतात. उतरत्या तापातल्या धडधाकट माणसाला नाही.

आणि मग आई, म्हणजे सासूबाई. वय 78, वजन 52 किलो, मधुमेह जुना. सकाळी देवपूजेला बसल्या आणि हुडहुडी भरली म्हणून उठल्या. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. घशाचा स्वॅब घेतला, पण रिपोर्टची वाट न बघता औषध आजच सुरू करायचं म्हणाले. पासष्टच्या पुढचे, गरोदर बायका, लहान बाळं, मधुमेह, दमा, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेले, यांच्या बाबतीत थांबायचं नसतं. सरकारी वर्गवारीत याला ब गट म्हणतात. आमचा मुलगा अ गटातला, त्याला ना तपासणी ना हे औषध. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत जायला लागला तर क गट, म्हणजे थेट हॉस्पिटल.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. आईंना ते लिहिलं नाही. डॉक्टरांनी जुनी फाइल मागितली आणि त्यातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, बघितलं. 1.1 होतं. रिपोर्टवर त्या आकड्याखाली ना रेघ ना खूण, मी तर "नॉर्मल आहे" म्हणून मोकळी झाले असते. त्यांनी कागदावर वय, वजन आणि तो आकडा मांडून गुणाकार-भागाकार केला. मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद मिनिटाला 35 मिलिलिटरच्या आसपास निघाली. वय जास्त आणि अंगात मांस कमी असेल तर क्रिएटिनिन दिसायला साधंच दिसतं, असं त्यांनी समजावलं. हे औषध अंगातून जवळजवळ सगळं मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, म्हणून 30 ते 60 च्या मधल्या माणसाला 30 मिलिग्रॅम दोनदा पुरतं. दोन मिनिटांचं काम होतं, पण ते करणारा डॉक्टर भेटायला नशीब लागतं.

चिठ्ठी घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या एका दुकानात 30 ची कॅप्सूल नव्हती. काउंटरवरच्या पोरानं 75 ची पट्टी पुढे सरकवली, "घेऊन जा काकू, अर्धी अर्धी द्या." कॅप्सूल अर्धी कशी करायची ते त्यानं सांगितलं नाही. वर "सोबत एक अँटिबायोटिक पण देऊ का? लवकर बरं वाटेल." फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिक काही करत नाही, हे त्याला माहीत नसेल असं वाटत नाही. मी पट्टी त्याच्याकडे परत सरकवली.

आमच्या नेहमीच्या केमिस्टकाकांकडेही 30 ची नव्हती, पण त्यांनी होलसेलरला फोन लावला आणि नऊच्या आत आणून द्या म्हणून सांगितलं. चिठ्ठी नीट वाचली, डॉक्टरांचं नाव, आईंचं नाव आणि किती कॅप्सूल दिल्या ते वेगळ्या रजिस्टरात लिहून घेतलं. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, नोंद ठेवावीच लागते. काही गिऱ्हाइकं यावर चिडतात. मला 2009 चं पुणं आठवतं, नायडू हॉस्पिटलबाहेरची रांग आणि तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यातलाच. तेव्हा हे औषध फक्त सरकारी दवाखान्यातून मिळायचं. नंतर शेड्यूल एक्स या जास्त कडक यादीचा परवाना असलेल्या मोजक्या दुकानांत आलं, आणि 2017 पासून एच-वनमध्ये आल्यामुळे साध्या केमिस्टकडे मिळतं. रजिस्टरात एक ओळ लिहायला काकांना किती वेळ लागतो? आवश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे किमतीलाही वर मर्यादा आहे.

औषध घेतल्यावर काय झालं? पहिली कॅप्सूल आईंनी रिकाम्या पोटी, "औषध आधी, मग बघू" म्हणत घेतली आणि अर्ध्या तासात उलटून टाकली. मळमळ आणि उलटी हाच याचा नेहमीचा त्रास. डॉक्टरांना फोन करून पुढचं विचारलं. तिथून पुढे प्रत्येक वेळी आधी मऊ भात-मेतकूट, मग कॅप्सूल. परत उलटी नाही. जेवण कमी झालं की मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून ती रोज तपासायची हेही त्यांनी बजावलं होतं. कुणाला अंगावर पुरळ आलं किंवा माणूस, विशेषतः मूल, असंबद्ध बोलायला लागलं तर ताबडतोब कळवायचं. तिसऱ्या दिवशी आईंचा ताप गेला आणि त्यांनी ठरवलं, बरं वाटतंय तर बाकीच्या कॅप्सूल कशाला. त्यावर घरात एक छोटं युद्ध झालं. पाच दिवस पूर्ण केले.

औषधामुळेच बऱ्या झाल्या का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माणसांवर झालेल्या या औषधाच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून 2014 मध्ये जो मोठा आढावा झाला, त्यात मोठ्या माणसांची लक्षणं सात दिवसांऐवजी साधारण 6.3 दिवसांत थांबली. म्हणजे जेमतेम सतरा तासांची बचत. एवढ्यासाठी कॉलेजातल्या धट्ट्याकट्ट्या पोराला मळमळ कोण लावून घेईल? आईंच्या वयाला हिशेब वेगळा. तिथं भीती फ्लूची नसते, त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाची असते.

मी स्वतःसाठीही मागून बघितलं होतं. डबे जातात माझे, आजारी पडून कसं चालेल? प्रतिबंधासाठी हे औषध रोज एकदा देतात, पण निवडक लोकांनाच, असं म्हणून डॉक्टरांनी मला मास्क, साबण आणि ताप आला तर स्वयंपाकघर बंद, एवढ्यावर वाटेला लावलं. एका गिऱ्हाइकानं सल्ला दिला की टॅमिफ्लू चक्रीफुलापासून करतात, तुमच्याकडे मसाल्याचा डबाच आहे, काढा करा. चक्रीफुलातून शिकिमिक आम्ल काढतात हे खरं, पण त्याचं औषध व्हायला कारखान्यात पुष्कळ पायऱ्या लागतात. माझं चक्रीफूल मसाल्यातच गेलं.

औषधाला पाचपैकी साडेतीन. एक गुण पोटाच्या त्रासाबद्दल कापला, अर्धा 30 ची कॅप्सूल सहज न मिळण्याबद्दल. केमिस्टकाकांना पाच. लहान मुलांसाठी याचं सिरप येतं, पावडरमध्ये पाणी घालून करायचं. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तेव्हा किती मिलिग्रॅम म्हणजे किती मिलिलिटर हे दुकानातच चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्यायची असं डॉक्टरांनी आईंना सांगितलंय. दरवर्षी घ्यावी लागते हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे पंचांगासारखंच."