अमेरिकन एअरलाइन्सची विनाथांबा डीसी-७ सेवा (१९५३): पूर्वेकडे उत्तम, पश्चिमेकडे इंजिनांच्या जिवावर

पिस्टन इंजिनांच्या काळात अमेरिका एका दमात ओलांडणारी नियमित सेवा टीडब्ल्यूए (ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स) कंपनीने १९ ऑक्टोबर १९५३ रोजी लॉकहीडच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानावर सुरू केली, पण फक्त पूर्वेकडे. पश्चिमेकडे वारा समोरून, म्हणून शिकागोला इंधनासाठी उतरणं आलं. २९ नोव्हेंबरला अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस मार्गावर डग्लसचं चार इंजिनांचं डीसी-७ दोन्ही दिशांना न थांबता सोडलं. सुमारे ४,००० किलोमीटर, जेमतेम आठ तासांत.

खोट या आठ तासांतच आहे. देशांतर्गत वैमानिकाला चोवीस तासांत आठ तासच उड्डाण करता येई. वेळापत्रक त्या नियमाच्या मापाने बेतलं, इंजिनाच्या नाही.

डीसी-७चं राइट कंपनीचं टर्बो-कंपाउंड आर-३३५० हे १८ सिलिंडरांचं, ३,२५० अश्वशक्तीचं इंजिन. सहा-सहा सिलिंडरांचा एक्झॉस्ट (जळून बाहेर पडणारा वायू) एकेका टर्बाइनवर सोडलेला. अशा तीन टर्बाइन फ्लुइड कपलिंगमधून (तेलातून ताकद पोहोचवणाऱ्या जोडातून) क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, ताकद देत. वाया जाणारी ऊर्जा अशी कामाला लावणं हे अस्सल कारागिरीचं काम! पण पश्चिमेकडे वेळ गाठायला इंजिनं तासन्‌तास चढ्या शक्तीवर ठेवावी लागत. मग सिलिंडर तापत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत. मेकॅनिक या ‘पॉवर रिकव्हरी’ (ताकद परत मिळवणाऱ्या) टर्बाइनला ‘पार्ट्‌स रिकव्हरी टर्बाइन’ (सुटे भाग परत मिळवणारी) म्हणत, ते उगाच नव्हे. एका इंजिनाला ३६ स्पार्क प्लग, चौघांचे मिळून १४४. बिघडलेला प्लग फ्लाइट इंजिनिअर उडतानाच इग्निशन अॅनालायझरच्या पडद्यावर शोधी. एखादं इंजिन बंद करून पंखा फेदर करावा (पाती वाऱ्याला कमीत कमी अडतील अशी वळवावी) लागला, की विनाथांबा प्रवास वाटेतल्या विमानतळावर संपे. (एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशनलाही याच घराण्याची इंजिनं होती.)

बैठकीचं म्हणाल तर मागची घ्यावी. पंख्यांच्या रेषेतल्या खुर्च्यांना आवाज आणि थरथर सर्वांत जास्त. शेपटीकडचं लाउंज त्या मानाने शांत. रात्री खिडकीतून एक्झॉस्टच्या ज्वाळा दिसत, पण त्या नेहमीच्याच.

पूर्वेकडची फेरी आम्ही निःशंक सुचवू. वारा पाठीशी असल्याने इंजिनांना उसंत मिळे. पश्चिमेकडे मात्र शिकागोला थांबणारं कॉन्स्टेलेशनच अधिक समंजस. विमान कंपन्यांचा कौलही बोलका आहे: साध्या इंजिनांची डीसी-६ मालिका ७०४ विमानांपर्यंत गेली, डीसी-७ची ३३८वर थांबली.