मुतखड्यासाठी सराटा की घेटुळी?

मराठवाड्यात एखाद्याच्या सोनोग्राफीत मुतखडा निघाला, की तो घरी पोहोचेपर्यंत त्याला दोन वनस्पती सुचवून झालेल्या असतात. एक सराटा, म्हणजे आयुर्वेदातला गोक्षुर, आणि दुसरी घेटुळी, म्हणजे पुनर्नवा. दोन्ही बांधावर आणि पडीक रानात फुकट उगवतात, दोन्हींमुळे लघवी मोकळी होते असे मानतात, आणि त्यामुळेच हाताला येईल ती घ्यावी असा समज रूढ झाला आहे. परंतु परंपरेनेही या दोघींना एकच काम दिलेले नाही आणि त्यांचे धोकेही एकसारखे नाहीत.

सराट्याची बाजू मुतखड्याच्या बाबतीत अधिक भक्कम आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, मूत्रकृच्छ्र (लघवी त्रासाने होणे) आणि वात दूर करणाऱ्या द्रव्यांत गोक्षुराला अग्रस्थान दिले आहे. दशमुळांत, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या प्रसिद्ध गटातही त्याची गणना होते. औषधासाठी प्रामुख्याने फळ वापरतात आणि आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) फळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सांगितली आहे. वैद्य बहुधा गोक्षुरादि गुग्गुळाच्या रूपाने तो देतात. आधुनिक अभ्यासात उंदरांमध्ये ऑक्सलेटचे स्फटिक कमी झाल्याचे दिसले आहे. मात्र उंदराच्या मूत्रपिंडावरून माणसाच्या खड्याविषयी ठाम विधान करता येत नाही.

घेटुळीचे मूळ काम सुजेवरचे आहे. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो आणि मृगाचा पाऊस पडला की जमिनीतल्या जाड मुळातून ती पुन्हा फुटते, म्हणून ती पुनर्नवा. पुनर्नवाष्टक काढा आणि पुनर्नवा मंडूर ही तिची प्रसिद्ध औषधे सूज व पांडुरोग (रक्त कमी होणे) यांच्यासाठी आहेत. मुतखड्यात ती सहसा जोडीला येते, मुख्य म्हणून नाही. येथे एक अडचण आहे. पायावर किंवा डोळ्यांखाली सूज आली म्हणून जो माणूस घेटुळीचा काढा सुरू करतो, त्याचे मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत बिघडलेले असण्याची शक्यता असते, म्हणजे ज्याने आधी तपासणी करून घ्यायला हवी तोच काढ्याच्या भरवशावर महिनाभर थांबतो.

सुरक्षिततेचा विचार करताना घेटुळीतील पोटॅशियम लक्षात घ्यावे लागते. मूत्रपिंड निरोगी असेल तर ते बाहेर टाकले जाते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले असेल, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, तर पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, अथवा सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढण्याकडे कल असतो, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेटुळीच्या वाटेला जाऊ नये. सराटाही निर्धोक नाही. इराणमधील २८ वर्षांच्या एका तरुणाने मुतखडा होऊ नये म्हणून सराट्याचा अर्क दोन दिवस घेतला आणि त्याला झटके आले, यकृताला इजा झाली आणि मूत्रपिंडही निकामी होऊ लागले. हे प्रकरण २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. असे क्वचित घडते, पण ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ या वाक्याला ते पुरेसे उत्तर आहे. गरोदरपणात दोन्ही टाळाव्यात.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका मात्र या दोन वनस्पतींपेक्षा त्यांच्या नावांत आहे. आपल्याकडे ‘गोखरू’ म्हटले की निम्मे शेतकरी सराट्याकडे बोट दाखवतात आणि निम्मे शंकेश्वराकडे, ज्याला काही जण लांडगा म्हणतात. मागे एका आठवडी बाजारातून मी गोखरू म्हणून पावशेर फळे घेतली आणि घरी वर्तमानपत्रावर पसरली, तेव्हा सराट्याच्या कडक, टोकदार काट्यांच्या तुकड्यांत शंकेश्वराची चार-पाच लांबट बोंडे निघाली. त्यांच्या आकडेदार काट्यांत सुतळीचा धागा अडकलेला होता. ही भेसळ मुद्दाम केलेली असेलच असे नाही, कारण विकणाऱ्याच्या लेखी दोन्ही गोखरूच. परंतु शंकेश्वराच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत यकृतावर घाला घालणारे विष असते. २००७ साली बांगलादेशातील सिल्हेट भागात अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी त्याची रोपे भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले आणि त्यांतील १९ दगावले. ओळख अवघड नाही: सराटा जमिनीलगत पसरतो, त्याची पाने हरभऱ्याच्या पानांसारखी आणि फुले पिवळी पाच पाकळ्यांची असतात, शंकेश्वर कमरेएवढा उभा वाढतो आणि त्याची पाने रुंद, खरखरीत असतात.

घेटुळीचेही असेच आहे. पांढरी घेटुळी किंवा विषखापरा या नावाने ओळखले जाणारे तण कपाशीत आणि सोयाबीनमध्ये मुबलक येते आणि पुनर्नवा म्हणून सर्रास खपते. त्याची पाने मांसल असतात आणि फुले पानांच्या बेचक्यात एकेकटी चिकटलेली असतात. खऱ्या घेटुळीला बारीक देठांवर जांभळट गुलाबी फुलांचे झुबके येतात आणि तिची चिकट फळे धोतराला लागून घरापर्यंत येतात. विषखापऱ्याच्या पानांत ऑक्सलेट भरपूर असते, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सलेटचेच असतात. खडा विरघळावा म्हणून माणूस खड्याचाच कच्चा माल पितो, असा हा प्रकार होतो.

तेव्हा निवड करायचीच असेल, तर खडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान आहे, ताप नाही, लघवी अडलेली नाही आणि क्रिएटिनिन ठीक आहे, अशा माणसाने वैद्याच्या देखरेखीखाली सराट्याचा विचार करावा. नुसत्या खड्यासाठी घेटुळीला मी पसंती देणार नाही. एवढे लहान खडे बहुधा आपोआपच पडतात, त्यामुळे काढ्याला मिळणारे श्रेय थोडे हातचे राखूनच मोजावे. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा उपाय दोन्ही वनस्पतींहून अधिक खात्रीचा आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत रानात राबणाऱ्याला त्यासाठी चार लिटरही अपुरे पडते. दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर काढ्याचे भांडे चुलीवरून उतरवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वनस्पती रानातूनच आणायची असेल तर तणनाशक फवारलेला बांध टाळावा, आणि ओळखीविषयी शंका असल्यास फुलाफळांसह उपटलेले अख्खे रोप नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात दाखवून घ्यावे. दुकानातल्या चूर्णाची मात्र अशी ओळख पटवता येत नाही.