नवी पेठेतलं झेरॉक्सचं दुकान, एच-बारची रेघ नीट छापून मिळते

झेरॉक्सच्या दुकानावर एवढं मोठं कोण लिहितं असं वाटेल, पण गेली तीन वर्षं मी ह्याच दुकानातून क्वांटम ग्रॅव्हिटीचे (म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि अणूंचं क्वांटम शास्त्र एकत्र बसवायच्या प्रयत्नांचे) पेपर छापून घेतोय आणि सोलापुरात गणितानं भरलेलं काही छापायचं असेल तर कुठं जायचं ते कुणालातरी कळावं म्हणून लिहितोय. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, हे वाचन रात्रीचं, घरी. मोबाइलवर पेपर वाचून होत नाही, शेजारी पेन्सिलनं स्वतः करून बघितल्याशिवाय समीकरण डोक्यात शिरत नाही. आर्काइव्ह ह्या शोधनिबंधांच्या वेबसाइटवर १९९१ पासून पेपर फुकट मिळतात, खर्च काय तो कागदाचा.

आधी मी दुसरीकडं जायचो, नाव घेत नाही. अष्टेकर आणि लेवांडोव्स्की यांचा लूप क्वांटम ग्रॅव्हिटीवरचा (क्वांटम ग्रॅव्हिटीच्या वाटांपैकी ही एक) २००४ चा रिव्ह्यू पेपर, शंभरावर पानं, तिथं छापला. (अभय अष्टेकर म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, १९८६ साली त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि लूपची वाट तिथून उघडली.) लूपवाल्यांचं म्हणणं असं की क्षेत्रफळ पाहिजे तेवढं बारीक करत जाता येत नाही, अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेसारखे त्याचेही ठरावीकच आकडे असतात, आणि सगळ्यात लहान तुकडा प्लांक लांबीच्या वर्गाच्या आसपास. ही लांबी १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर. रविवारी सकाळी बसून, छापलंय तेच धरून मी तो वर्ग काढला तर दर वेळी सव्वासहा पट मोठा येतोय. दुपार झाली तरी तेच. मग पीडीएफ उघडून शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, टोनर वाचवायच्या मोडवर छापल्यामुळं त्या वर्गाच्या सूत्रातल्या एच-बारची बारीक आडवी रेघच उडालेली, उरला नुसता एच, म्हणजे प्लांकचा स्थिरांक. एच-बार म्हणजे एच भागिले दोन पाय, ६.२८ चा फरक तिथंच पडला.

नवी पेठेतल्या ह्या दुकानाच्या अण्णांकडं पहिल्यांदा गेलो तोच पेपर घेऊन. अण्णांनी एक पान काढलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "सर, ह्या अक्षराला वर काट मारलीय, ती पाहिजे का डाग आहे बघा की." ज्या माणसाचा ह्या विषयाशी काही संबंध नाही त्यानं ती रेघ बघितली! त्या दिवसापासून मी दुसरीकडं गेलो नाही.

कलरचंही तसंच. १४ जानेवारी २०२५ ला लायगोनं (गुरुत्वलहरी पकडणारी अमेरिकेतली वेधशाळा) दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली, आजवरच्या सगळ्यात स्पष्ट सिग्नलपैकी एक, आणि त्यावरून हॉकिंगचा १९७१ चा क्षेत्रफळाचा नियम तपासला, म्हणजे कृष्णविवरांचं एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही हा. दोन्ही विवरांचं मिळून क्षेत्रफळ आधी साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं, एक झाल्यावर साधारण ४ लाख, म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान आणि नंतर महाराष्ट्रापेक्षा मोठं. मला हे फार भारी वाटतं, कारण कृष्णविवराची एन्ट्रॉपी (आतल्या किती मांडण्या शक्य आहेत त्याचं माप) ह्याच क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याएवढी (प्लांकच्या एककात), आणि ते क्षेत्रफळ कशाकशाचं बनलंय हे सांगणं हीच तर क्वांटम ग्रॅव्हिटीची परीक्षा. तर त्या पेपरातल्या आलेखांच्या रेघा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळ्या सारख्याच दिसत होत्या, अण्णा म्हणाले सगळं कलर कशाला घेता, ही दोनच पानं कलर काढू. पैसे वाचले त्यांच्यामुळं.

बाकी हॉकिंग रेडिएशनमधून (कृष्णविवरातून हळूहळू बाहेर पडणारं प्रारण) आत पडलेल्याची माहिती परत येते का ह्यावरचं २०१९ नंतरचं काम आणि माल्डासेनाचं १९९७ चं, म्हणजे गुरुत्व असलेली जागा तिच्या कडेवरच्या गुरुत्वाशिवायच्या सिद्धांतानं मांडता येते हे, असं एक जाड बाइंडिंग आहे, ते अजून निम्मं व्हायचंय. सध्या हातात २०१७ चे बोस आणि मंडळींचे प्रयोगाचे पेपर आहेत. १० चा उणे १४ वा घात किलो एवढे दोन कण, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी, आणि मधे फक्त गुरुत्वाकर्षण. तेवढ्यानं ते एकमेकांत एन्टँगल झाले, म्हणजे दोघांची अवस्था वेगवेगळी सांगता येईना अशी क्वांटम गाठ पडली, तर गुरुत्व निव्वळ जुन्या, क्वांटम नसलेल्या पद्धतीचं असू शकत नाही. प्रयोग अजून झालेला नाही, पण टेबलावर होऊ शकेल असं काहीतरी कुणी सुचवलं हीच मोठी गोष्ट.

लायगो इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतंय, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, "औंढ्याला तर आम्ही दर श्रावणात जातो की!" आता प्रत्येक वेळी विचारतात, काम कुठवर आलं सर.

रेट पाठपोट दीड रुपया, स्पायरल चाळीस. ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो स्पायरलच्या भोकांसाठी. समीकरणांचे नंबर पानाच्या उजव्या कडेला असतात आणि पाठपोट छापलं की मागच्या पानाची भोकं नेमकी तिथंच पडतात, माझ्या एका कॉपीत सतरा नंबर गेलेत. त्यामुळं छापायच्या आधीच नव्वद टक्क्यावर काढा म्हणून सांगायचं. व्हॉट्सॅपवर फाइल पाठवू नका, पेन ड्राइव्ह न्या. रविवारी बंद असतं.