गुडघ्याची प्रतिकृती: सांधा उत्तम, स्नायू गायब
जळगावच्या एका दुकानातून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठी घेतलेली गुडघ्याच्या सांध्याची ही प्रतिकृती मला मनापासून आवडली. पाय वाकवताना आतले फुलीच्या आकारातले दोन अस्थिबंध कसे ताणले जातात, हे विद्यार्थ्यांना स्वतः हाताळून पाहता येते. केळीचे घड वाहणाऱ्या वडिलांचे गुडघे का दुखतात, हा रावेर-यावलकडच्या मुलांचा प्रश्नही तेव्हाच निघतो. दोन्ही हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या कूर्चा तर सुट्या काढता येतात. मोठी उणीव म्हणजे यात स्नायूच नाहीत. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळे झाल्यावर मायोसिन हे प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू ओढून घेते आणि तंतूंची स्वतःची लांबी न बदलताही स्नायू आखूड होतो, हे शेवटी फळ्यावरच काढून दाखवावे लागते. स्टँडचा स्क्रू लवकर सैल होतो, तो अधूनमधून आवळावा.