‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘हेड हंटर्स’

जॅझ आणि फंक (ठेक्यावर भर देणारी अमेरिकी संगीतशैली) यांचे नाते ध्वनिमुद्रणांतूनच समजून घ्यायचे असेल, तर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) आणि पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचा ‘हेड हंटर्स’ (१९७३) हे अल्बम लागोपाठ ऐकावेत. पहिला न्यूयॉर्कमध्ये अवघ्या दोन दिवसांच्या सत्रांत ध्वनिमुद्रित झाला. त्यातील ‘सो व्हॉट’मध्ये मुख्य सुरावट बास (खर्जातले तंतुवाद्य) मांडतो आणि बाकीची वाद्ये दोन स्वरसंघातांनी त्याला हुंकार देतात, एकाच स्वरपंक्तीवर निवांत रेंगाळण्याची मोकळीक वादकांना मिळत असल्याने रागसंगीताला सरावलेल्या कानांना ते वादन लवकर जवळचे वाटते, अर्थात तो राग नव्हे.

‘हेड हंटर्स’मध्ये लय आघाडीवर येते. साठच्या दशकात डेव्हिस यांच्याच संचात पियानो वाजवणारे हॅनकॉक येथे ‘कॅमेलियन’ची बासची ओळ सिंथेसायझरवर वाजवतात आणि ती मिनिटांमागून मिनिटे फिरत राहते. ‘वॉटरमेलन मॅन’ ही त्यांचीच १९६२ची रचना. नव्या रूपात तिची सुरुवात बिअरच्या बाटलीत फुंकर घालून केलेली आहे. घाई असेल तर आधी ‘हेड हंटर्स’च ऐकावा, मात्र सूक्ष्म श्रवणाची गोडी ‘काइंड ऑफ ब्लू’च अधिक लावतो.