किनाऱ्यापासून फार दूर: ‘द ओल्ड मॅन अँड द सी’

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही छोटेखानी कादंबरी बहुतेकांच्या हाती येते ती प्रेरणादायी पुस्तक म्हणून. माणसाला संपवता येईल, पण हरवता येणार नाही, या आशयाचे त्यातील वाक्य फलकांवर आणि भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे. ते पुस्तकात नेमके कोठे येते, याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवत नाही. पहिल्या शार्कने माशाचे सुमारे चाळीस पौंड मांस तोडून नेलेले आहे, त्याच्याबरोबर हार्पून, म्हणजे मासा मारण्याचा दोर बांधलेला भाला, तोही गेला आहे, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे पुरते ठाऊक असलेला म्हातारा सांतियागो स्वतःलाच धीर देण्यासाठी ते बोलतो. लगेच पुढच्या क्षणी त्याला आपण त्या माशाला मारल्याचे वाईट वाटते. अखेरीस झोपडीत परतल्यावर तर तो मानोलिन या मुलाला साध्या शब्दांत सांगतो की त्यांनी मला हरवले, खरोखरच हरवले. ज्या पुस्तकाच्या नायकाने आपली हार इतक्या सरळपणे कबूल केली आहे, ते जिद्दीचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचणे मला त्याच्यावर अन्याय करणारे वाटते.

कथानक सर्वपरिचित आहे. क्यूबातील या कोळ्याला चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा मिळालेला नाही. पहिले चाळीस दिवस सोबत असलेल्या मानोलिनला आईवडिलांनी दुसऱ्या होडीवर पाठवले आहे. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच नेहमीपेक्षा दूर जातो, त्याच्या गळाला अठरा फुटांचा मार्लिन लागतो, तो मासा होडीला दोन दिवस ओढत नेतो, आणि मारल्यानंतर परतीच्या वाटेवर शार्क त्याचा सांगाडा करून टाकतात.

या पुस्तकाचे खरे वैभव कामाच्या वर्णनात आहे. चार गळ चाळीस, पंच्याहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीवर सोडलेले आहेत. प्रवाहात इतरांचे दोर तिरपे होतात, याचे मात्र सरळ उभे राहतात, कारण आमिष नेमक्या ठरवलेल्या खोलीवर असले पाहिजे, असा त्याचा कटाक्ष आहे. मासा शंभर वावांवर आमिष चाखू लागतो तेव्हा दोर बोटांच्या चिमटीत हलकेच धरून खालच्या हालचालीचा अंदाज घेणे, पुढे तोच दोर पाठीवर आडवा घेऊन स्वतःचे अंग ताण सोसणारे साधन बनवणे, डाव्या हाताला गोळा आला म्हणून त्याला रागे भरणे आणि तो मोकळा व्हावा म्हणून कच्चा ट्यूना चावून चावून खाणे, या तपशिलांमुळे वाचकाच्याही तळहाताला दोराचा काच जाणवतो. मासा होडीला बांधल्यावर तो पंधराशे पौंडांपेक्षा अधिक भरेल, त्यातील दोनतृतीयांश मांस निघेल, पौंडाला तीस सेंट मिळाले तर किती होतील, असा हिशेब म्हातारा मांडू लागतो आणि याला पेन्सिल हवी, असे म्हणून थांबतो. गरिबीवर एकही भाष्य न करता लेखकाने येथे किती सांगून टाकले आहे, ते पाहण्यासारखे आहे.

याहून अधिक मोलाचा प्रसंग आरंभीच्या पानांत आहे. मुलगा जेवणाची चौकशी करतो, तेव्हा म्हातारा भांडेभर पिवळा भात आणि मासा असल्याचे सांगतो. मुलगा जाळे घेऊन जाण्याची परवानगी मागतो आणि म्हातारा ती देतो. प्रत्यक्षात भात नाही आणि जाळे तर केव्हाच विकलेले आहे, पण दोघेही हे नाटक रोज मनापासून वठवतात. मला विचाराल तर माशाशी झालेल्या झुंजीपेक्षाही हे एक पान श्रेष्ठ आहे.

लेखकाच्या चरित्राचा आणि या पुस्तकाचा संबंध लावताना बहुतेकजण घाई करतात. १८९९ मध्ये इलिनॉयमधील ओक पार्क येथे जन्मलेले हेमिंग्वे आधी वार्ताहर होते. १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर रेडक्रॉसच्या सेवेत असताना ते जबर जखमी झाले. १९२६ आणि १९२९ च्या कादंबऱ्यांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली, आणि १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर मात्र समीक्षक तुटून पडले. त्यामुळे म्हातारा म्हणजे स्वतः लेखक आणि शार्क म्हणजे समीक्षक, हे समीकरण फार लवकर रूढ झाले. ते चटकदार असले तरी पुस्तकाला लहान करणारे आहे. या कथेचे बीज त्या टीकेच्या कितीतरी आधीचे आहे. एप्रिल १९३६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकातील एका लेखात हेमिंग्वे यांनी एका म्हाताऱ्या कोळ्याची हकिकत दिली होती: मार्लिनने त्याची होडी खोल समुद्रात ओढून नेली, दोन दिवसांनी तो साठ मैल पूर्वेला इतर कोळ्यांना सापडला, माशाचा निम्म्याहून कमी उरलेला भागच आठशे पौंड भरला, शार्क अजून भोवती घिरट्या घालत होते आणि म्हातारा रडत होता.

ही हकिकत आणि १९५१ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत लिहून काढलेली कादंबरी शेजारी ठेवली की लेखकाने काय बदलले ते दिसते. कादंबरीत सुटका करणारे कोणी येत नाही. म्हातारा स्वतः शीड सांभाळत रात्री बंदरात पोहोचतो. अर्धा मासाही शिल्लक ठेवलेला नाही, म्हणजे विकण्याजोगे काहीच उरत नाही. मूळच्या रडण्याच्या जागी त्याने स्वतःशी केलेली कबुली आली आहे, की आपल्याला कोणी हरवले नाही, आपणच फार दूर गेलो. मुलासमोर बोलताना हे विधान पुन्हा बदलते, आणि या दोन उत्तरांमधील अंतर लेखकाने बुजवलेले नाही, हे मला विशेष आवडते.

चरित्राचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. हेमिंग्वे १९३४ पासून ‘पिलार’ या स्वतःच्या यांत्रिक नौकेतून गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहात मासेमारी करीत होते, हवानाजवळील फिंका विहिया या घरात त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली आणि कोहिमारच्या कोळ्यांशी त्यांचा घरोबा होता. ते हौसेने मासे पकडणारे सुखवस्तू गृहस्थ होते. सांतियागोकडे हातातला दोर आणि पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेले शीड एवढेच आहे. हे अंतर ओलांडण्यासाठी लागणारी पाहण्याची शिस्त त्यांच्याजवळ होती.

दोष नाहीत असे नाही. मानोलिन इतका गुणी आहे की काही ठिकाणी तो हाडामांसाचा वाटत नाही. शार्क पाहून म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेल्या उद्गाराची तुलना हातात खिळा ठोकला जाताना निघणाऱ्या आवाजाशी केली आहे आणि पुढे तो खांद्यावर डोलकाठी घेऊन चढण चढतो; ख्रिस्ताची ही सूचना एकदा पुरली असती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सिंहांची स्वप्नेही जरा जास्त वेळा पडतात.

१ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात संपूर्ण कथा छापली गेली आणि दोन दिवसांत पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९५३ मध्ये पुलित्झर मिळाले आणि १९५४ मध्ये नोबेल. आफ्रिकेतील लागोपाठच्या दोन विमान अपघातांनंतर प्रकृती ढासळलेली असल्याने हेमिंग्वे समारंभाला गेले नाहीत, आणि पदक त्यांनी क्यूबातील एल कोब्रेच्या मेरी मातेला, म्हणजे जिला सांतियागोने नवस बोलला होता तिलाच, अर्पण केले. २ जुलै १९६१ रोजी आयडाहोतील केचम येथे त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. या मृत्यूच्या प्रकाशात कादंबरी वाचण्याचा मोह टाळावा, असे मी म्हणेन. लिहिताना लेखक कामाच्या भरात होता, ते प्रत्येक पानावर दिसते.

मराठीत पु. ल. देशपांडे यांनी हिचा अनुवाद ‘एका कोळियाने’ या नावाने केला. शीर्षकातील श्लेष लाजवाब आहे. मात्र शाळेतल्या कवितेतला तो कोळी पडत-झडत शेवटी आपल्या जाळ्यापर्यंत पोहोचतो, आणि इथला कोळी सांगाडा घेऊन परततो, एवढे लक्षात ठेवून पुस्तक उघडावे. मूळ इंग्रजी सोपी आहे, त्यामुळे अनुवाद वाचून झाल्यावर तीही एका बैठकीत वाचता येते. होडीच्या आणि माशांच्या शब्दांशी अडखळायला होते, ते पहिल्या दिवसाच्या पानांपुरतेच.