ऋतू तीन, चार की सहा? लहान मुलांना आधी कोणते शिकवावेत

लेक साडेचार वर्षांची झाली तेव्हा आमच्या घरात ऋतूंचे तीन हिशेब एकदम चालू होते. शाळेतून स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर असे चार यायचे. संध्याकाळी शुभंकरोतीनंतर माझी आई तिच्याकडून सहा ऋतू म्हणून घ्यायची. आणि मी बोलण्याच्या ओघात तीनच वापरायचो. दीडेक वर्ष हा गोंधळ निस्तरल्यावर आता मी एक बाजू धरली आहे. आमची एक मुलगी म्हणजे सगळ्या मुलांचं माप नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण याच पेचात कोणी असेल तर थोडा उपयोग व्हावा.

चारांचा निकाल चटकन लागतो. डिसेंबरात शाळेत कापसाचा स्नोमॅन चिकटवून घेतला. त्यानंतर दोन आठवडे रोज सकाळी बाल्कनीत जाऊन ‘आपल्याकडे बर्फ कधी पडणार?’ ही चौकशी. ऑटमचं तर विचारूच नका. वहीत सप्टेंबरात पिवळी-लाल पानं गळत होती आणि आम्ही रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो तर सगळीकडे गुडघाभर हिरवं गवत. आपल्याकडची पानगळ फेब्रुवारी-मार्चातली, जेव्हा काटेसावरीवर एक पान नसतं आणि झाड लाल फुलांनी भरलेलं असतं. पुढे शाळेने ‘मान्सून’ पाचवा म्हणून जोडला, पण तो ठिगळासारखा. आता कोणी म्हणेल, आपलं हवामान खातंही वर्षाचे चारच भाग करतं. करतं. पण त्या खात्याच्या, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातले चार म्हणजे थंडी, मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर. पावसाला मध्ये ठेवून बाकीच्यांना नावं दिलेली. स्नोमॅनला त्यात जागा नाही. परदेशी जायचं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे चार मुलं कार्टूनमधून आपोआप उचलतात.

खरा प्रश्न तीन की सहा हा आहे.

सहांची बाजू हलकी नाही. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर हे म्हणायलाच गोड आहे. दोन दिवसांत पाठ झालं. शिवाय सण आयते हाताशी येतात. पाडव्याला कडुनिंब चावून तोंड वाकडं केलं की वसंत, कोजागरीचं दूध प्यायलं की शरद, तिळगूळ हातावर आला की हेमंत. आणि पानगळीचा जो घोळ चारांमध्ये होता तो इथे नाही. माघ-फाल्गुनात शिशिर, टेकडीवरची झाडंही तेव्हाच उघडी पडतात. मी बराच काळ याच बाजूला होतो. आप्पा बळवंत चौकातून सहा ऋतूंचा मोठा तक्ता आणून हॉलमध्ये लावला तो मीच.

माशी शिंकली ती पालखीच्या दिवशी. दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या ज्येष्ठ वद्यात. आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर पादुका चौकाच्या अलीकडे उभे होतो. लेक माझ्या खांद्यावर, अंगात पिवळा रेनकोट, त्याच्या टोपीवरून पाणी थेट माझ्या मानेत. समोरून दिंड्या चाललेल्या, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या मावशी, एकीच्या तुळशीवृंदावनातली माती पावसाने गालावर ओघळलेली. आजी सोबत होतीच. तिने कौतुकाने विचारलं, ‘आत्ता कुठला महिना गं?’ ‘ज्येष्ठ!’ ‘आणि ऋतू?’ तक्ता पाठ होता. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म, वर भला मोठा रागीट सूर्य आणि भेगा पडलेली जमीन. लेकीने ‘ग्रीष्म’ म्हटलं आणि मग वरून वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘बाबा, पण ग्रीष्मात पाऊस का पडतोय?’

मला उत्तर देता आलं नाही. आई म्हणाली, अगं, हे ऋतू फार जुने, उत्तरेकडचे. तेही त्या वयाला निरुपयोगी. घरी येऊन मीच तक्त्यापुढे उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की वर्षा ऋतू श्रावणापासून, म्हणजे आपल्या निम्म्या पावसाचं नाव ग्रीष्म. २०२५ मध्ये तर २६ मेलाच मान्सून पुण्यात पोचला. वैशाख अजून संपायचा होता, म्हणजे तक्त्याप्रमाणे चक्क वसंत. भर एप्रिलात घामाच्या धारा लागलेल्या असताना ‘हा बघ वसंत’ म्हणणंही मला जड जायचंच. त्यात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सौर ऋतू निराळे छापलेले, आणि अधिक मास आला की सगळंच पुढे सरकतं. २०२३ मध्ये श्रावणच दोन होते. मोठ्या माणसाला यात गंमत वाटते. साडेपाच वर्षांच्या मुलीला एवढंच कळतं की तक्ता आणि खिडकी यांतलं एक खोटं बोलतंय.

तिनांमध्ये ही अडचण कमी येते, आणि मला वाटतं त्याचं कारण नावातच आहे. उन्हाळ्यात ऊन आहे, पावसाळ्यात पाऊस आहे. हिवाळ्यातलं हिंव आता शहरात फारसं कोणी म्हणत नाही, पण आई ‘हिंव वाजतंय’ म्हणते, त्यामुळे तेही जमलं. मुलाला शब्द फोडून दाखवला की अर्थ बाहेर पडतो. पाठ करावं लागत नाही. हेमंत कितीही फोडा, आमच्या सोसायटीतले हेमंतकाकाच निघतात.

मग आम्ही खुणा गोळा करायला लागलो. भिडे पूल पाण्याखाली गेला की पावसाळा पक्का. माठ बाहेर आला की उन्हाळा. सकाळी रिक्षावाले काकांच्या कानाला मफलर दिसला की हिवाळा. १३ मेच्या सुमारास पुण्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. गच्चीत पाण्याची बाटली उभी करून ठेवली, तर साडेबाराच्या आसपास तिची सावली तळाशी जिरून गेली. लेकीने बाटली उचलून खाली बघितलं, तिथे लपलीय का म्हणून. सूर्य तसाच डोक्यावर पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा गच्चीत गेलो तर ढगांमुळे काहीच दिसलं नाही. सूर्य तोच, तरी तेव्हा उन्हाळा नाही. का? ‘मध्ये ढग आले ना!’ पृथ्वीच्या कललेल्या आसापर्यंत जायची घाई मला नाही. एवढं पुरे.

तीन निर्दोष आहेत असं नाही. पुस्तकात ऑक्टोबर हिवाळ्यात टाकतात, आणि ऑक्टोबर हीट काय असते ते पुणेकरांना सांगायला नको. फेब्रुवारीतही सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. पण तिने यावर स्वतःच तोड काढली. ‘आज सकाळी हिवाळा होता, दुपारी उन्हाळा झाला.’ मी दुरुस्त केलं नाही. ग्रीष्मात पाऊस का, याचं असं उत्तर तिला स्वतःचं स्वतः काढता आलं नव्हतं.

तुमच्या घरी पंचांग रोज उघडलं जात असेल किंवा मूल सात-आठ वर्षांचं असेल, तर सहांपासून सुरुवात केलीत म्हणून बिघडेल असं मी म्हणणार नाही. त्या वयात ‘हे ऋतू दुसरीकडचे, जुने’ हे वाक्य समजतं. त्याहून लहान असेल तर मी तरी तीनच धरीन. तक्ता आणायचाच असेल तर चित्रं नीट बघून घ्या. घाईत ‘चार ऋतू’वाला गळ्यात पडतो.

आमचा सहांचा तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवलाय. लेक दुसरीत गेली की काढायचा असं ठरलंय. आईला मात्र तेवढा धीर नाही. परवा टेकडीवरून येताना वाळकी पानं पायाखाली वाजायला लागली, तेव्हा नातीला हळूच म्हणाली, ‘याला शिशिर म्हणतात हं.’ मी ऐकलं नाही असं दाखवलं.